हळद लाल का होते?



हळदीकुंकवाला एकीने मला विचारले, "पातळावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो?" आपली सांगली तर हळदीची पेठ, तेव्हा उत्तर ठाऊक हवेच. हळदीतले कुरक्युमिन हे रंगद्रव्य साबण, सोडा किंवा चुना यांच्याशी गाठ पडली की तांबडे होते. लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. उन्हाने ते विटते, म्हणून डागाला ऊन दाखवावे.

हळद नि चुन्याचे कुंकू होते तेही याच गुणाने. शेंदूर मात्र निराळा. तो पुष्कळदा शिशाचा असतो. शिसे पोटात गेल्यास मुलांच्या मेंदूला अपाय होतो. म्हणून विनविते : शेंदराची डबी लेकरांच्या हाती लागू देऊ नका. लाल तेवढे सारे कुंकू नव्हे!