राग कोणाचा, निघतो कोणावर?

मी कुरकुंभहून बोलतेय. आज विषय घेतलाय रागाचा. विषय घरचाच आहे, पोळ्या लाटता लाटता ऐकलात तरी चालेल.

आधी माझंच सांगते. बचत गटाच्या कर्जाच्या कागदांसाठी एका कार्यालयात माझे तीन हेलपाटे झाले होते. मे महिना होता. तिसऱ्या खेपेलाही "साहेब नाहीत, उद्या या" एवढंच ऐकून परतले. हायवेला एसटीतून उतरले आणि उन्हातून चालत घरी आले. मला बघून आठ वर्षांची लेक पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, उंबऱ्याला ठेचकाळली आणि पाणी सांडलं. मी तिच्या फाडकन कानाखाली मारली. रात्री अंथरुणात ती म्हणाली, "आई, उद्यापासून मी तांब्या अर्धाच भरीन, म्हणजे सांडणार नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग होता कार्यालयातल्या माणसाचा, आणि निघाला लेकीवर. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच.

आपल्या गावातली कितीतरी घरं एमआयडीसीच्या पाळ्यांवर चालतात. कंपनीत सुपरवायझर कामगाराला बोलतो. तिथे उलटून बोलायची सोय नाही. तो घरी येऊन बायकोवर ओरडतो, बायको पोराला धपाटा घालते, आणि पोरगं दारातल्या कुत्र्याला दगड मारतं. राग नेहमी उताराकडे धावतो. जो उलट उत्तर देऊ शकत नाही, त्याच्यापाशी येऊन थांबतो. म्हणून राग आला की पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: हा राग नक्की कोणाचा?

पण हे विचारायला डोकं जागेवर हवं ना! राग येतो तेव्हा अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. छाती धडधडते, कानशिलं तापतात, दात आवळले जातात, आवाज चढतो. ही खूण ओळखायची. तेवढ्यात बोलायचं नाही, हात तर उचलायचाच नाही. "मला आत्ता राग आलाय, थोड्या वेळानं बोलते," एवढं सांगून बाजूला व्हायचं. दारात या, पाणी प्या, श्वास सावकाश सोडा. घेताना लागतो त्याहून जास्त वेळ सोडताना लागू द्या.

काहीजणी म्हणतात, भांडी आपटली की मोकळं वाटतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिडवणाऱ्या माणसाला मनात आणून ज्यांनी बॅगेवर ठोसे मारले, त्यांचा राग उतरला नाही, उलट वाढला. तेव्हा भांडी आपटून भांडीच चेपतात.

दुसरी गोष्ट आपल्या बोलण्यातल्या 'च'ची. अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. त्यांचं सांगणं असं, की माणूस नुसत्या घटनेनं पेटत नाही, मनातल्या हट्टानं पेटतो. "पोरानं ऐकलंच पाहिजे. सासूबाईंनी समजून घेतलंच पाहिजे." हा 'च' काढून बघा. "ऐकलं तर बरं होईल." परिस्थिती तीच राहते, पण जीभ जरा ताब्यात येते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे बाईनं सगळं गिळायचं का? मुळीच नाही. गिळलेला राग कुठेतरी बाहेर पडतोच. माझाही पडला होता. राग जिथला आहे तिथे नेऊन शांतपणे बोलायचं. चौथ्या वेळी मी कार्यालयात गेले ती कागदावर लिहून गेले. "माझे तीन हेलपाटे झालेत. कोणता कागद कमी आहे तो मला लिहून द्या." आवाज चढवला नाही, पण लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठलेही नाही. काम लगेच झालं नाही. पण काय कमी आहे ते कळलं, आणि घरी येताना डोक्यात काही उकळत नव्हतं.

घरातही वेळ बघून बोलावं. नवरा रात्रपाळीहून येऊन चप्पल काढतोय, तेव्हाच गॅस संपल्याचा हिशेब काढला तर भांडणच होणार. झोप आणि भूक भागली, की तोच विषय निम्म्या आवाजात होतो.

आळंदीची गोष्ट आपण ऐकलेली आहे. लोकांच्या अपमानानं व्यथित झालेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईनं बाहेर उभं राहून त्यांची समजूत घातली. ते ताटीचे अभंग आजही गायले जातात. तिनं दार तोडलं नाही, की रुसून निघूनही गेली नाही. घरात कोणी रागानं दार लावून बसलं, तर असं दाराशी थांबणारं एक माणूस हवं.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. नवरा मारत असेल, तर "त्याचा स्वभावच रागीट" म्हणून सोडून देऊ नका. तोच माणूस सुपरवायझरपुढे हात बांधून उभा राहतो ना? म्हणजे राग आवरणं त्याला जमतं. 2005 च्या कायद्यानं घरातल्या हिंसेपासून आपल्याला संरक्षण दिलंय. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी 112. आणि स्वतःचाच राग आवरेनासा झाला, झोप उडाली, तर 14416 वर टेलिमानसला फोन करा. मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला जवळ घेऊन सांगितलं, "काल चूक माझी होती. तू तर मला पाणी आणत होतीस." पोरांची माफी मागितल्यानं आईचा मान कमी होत नाही. ती आता मोठी झालीय. मी बाहेरून आले की अजूनही पाणी आणते, तांब्या काठोकाठ भरून.