मोठा पडदा आणि मोठे शब्द

चित्रपटाचा पडदा रुंदावला तो मुख्यतः दूरचित्रवाणीच्या धास्तीने. अमेरिकेतील माणसे घरबसल्या चित्रे पाहू लागली, तेव्हा घरात मावणार नाही असे काही दाखविणे चित्रपट-व्यावसायिकांना भाग पडले. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला सिनेरामा आला. तीन प्रक्षेपक आणि प्रेक्षकाला कवेत घेणारा वक्राकार पडदा. आश्वासन बहुतांशी खरे ठरले. मात्र तीन चित्रे जेथे जुळत, तेथील शिवण डोळ्यांना खुपे. जाहिरातीत त्या शिवणीचा उल्लेख नसे!

आपल्याकडे सत्तर मिलिमीटरचे वेड घरोघरी नेले ते १९७५ च्या ‘शोले’ने. वस्तुतः त्याचे चित्रण पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर झाले होते. मागाहून ते वाढवून रुंद फितीवर उतरविले. पण मुंबईच्या मिनर्व्हात तो पाहणारास फसविले गेल्यासारखे वाटण्याचे कारण नव्हते. पडदा खरोखरीच प्रचंड होता.

आयमॅक्सची गोष्ट निराळी. कॅनडात १९६७ मध्ये जन्मलेल्या या पद्धतीत सत्तर मिलिमीटरची फीत आडवी धावते आणि प्रत्येक चौकट पंधरा छिद्रांइतकी लांब असते. म्हणजे नेहमीच्या पस्तीस मिलिमीटरच्या चौकटीच्या सुमारे नऊ पट. टोरांटोत १९७१ मध्ये तिचे पहिले कायमचे चित्रगृह उघडले. भारतात वडाळ्याला २००१ मध्ये घुमटाकार पडदा आला, तर २००३ मध्ये हैदराबादच्या प्रसाद्‌स चित्रगृहात अवाढव्य सपाट पडदा उभा राहिला. हैदराबादच्या त्या चित्रगृहात ते नाव पुढे उरले नाही.

नावाचा अर्थ पातळ झाला तो २००८ नंतर. त्या वर्षी फीत जाऊन अंकीय प्रक्षेपक आले. जुन्याच दालनातील पुढच्या रांगा काढायच्या, पडदा पुढे आणून थोडा वाढवायचा आणि दारावर तेच नाव लावायचे, असा क्रम सुरू झाला. अमेरिकेतील विनोदी नट अझीझ अन्सारी यांनी २००९ मध्ये याविरुद्ध जाहीर तक्रार केली, आणि ती रास्त होती. फरक डोळ्यांना दिसणारा आहे. मूळ पद्धतीत साठ फूट रुंद चित्र सुमारे बेचाळीस फूट उंच असे. अंकीय दालनांतील बहुतेकांच्या प्रमाणाने ते जेमतेम बत्तीस फूट भरते. चतुर्थांश उंची गेली, तिकीट मात्र चढेच राहिले. पुढे लेझर प्रक्षेपक आले; त्यांचा उजेड आणि त्या दालनांतील ध्वनी यांविषयी कुरकुर करण्यास फारशी जागा नाही, हेही सांगितले पाहिजे. त्रिमितीचा चष्मा लावला की साध्या चित्रगृहात जो अंधार दाटतो, तो येथे पुष्कळ कमी होतो. इतर चित्रगृहसाखळ्यांनी आपापली भारदस्त नावे काढली आहेत. त्यांच्यामागे पडद्याच्या किमान मापाचा एकच सर्वमान्य दंडक नाही.

२०२३ मध्ये ‘ओपनहायमर’ प्रदर्शित झाला. आयमॅक्सच्या मूळ फितीवर तो जगात अवघ्या तीस चित्रगृहांत दिसला आणि त्यांतील एकही भारतात नव्हते. येथे अंकीय आयमॅक्सची तिकिटे घेणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते?

तेव्हा जादा पैसे मोजण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: पडद्याची उंची किती फूट, आणि चित्रपट त्या उंचीसाठी चित्रित झाला आहे काय. तसा नसेल, तर पडद्याचा वरचा-खालचा पट्टा काळाच राहतो. आणि मग शेजारच्या साध्या दालनातील मधली रांग अधिक सोयीची.