पदवीनंतरच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा?

(नागपूर येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेले व्याख्यान)



गरिबाच्या घरातील मुलगा पदवीधर झाला की घरची माणसे त्याच्या नोकरीकडे डोळे लावून बसतात. अशा वेळी पुढे शिकण्याची इच्छा बाळगणे हाच जणू अपराध ठरतो. गडचिरोली-भंडाऱ्याहून नागपूरला येऊन एम.ए. किंवा पीएच.डी. करू पाहणाऱ्यापुढील पहिला प्रश्न बुद्धीचा नसतो. खोलीभाड्याचा आणि खानावळीच्या पैशांचा असतो.

हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही चुकला नाही. १९१३ साली ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पगारातील बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. विद्येला तीन वर्षांची खीळ बसली ती पैशामुळे. राजाच्या औदार्यावर वा मित्राच्या उसनवारीवर समाजाचे शिक्षण चालत नाही, हे ओळखूनच त्यांनी पुढे १९४२ साली व्हाइसरॉयकडे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्तीची मागणी केली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली.

आज योजना पुष्कळ आहेत. शुल्कासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिची नागपूरसाठी ठरलेली रक्कम वर्षाला ६०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये. नेट परीक्षेतून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्या संशोधकाला जानेवारी २०२३ पासूनच्या दराने ३७,००० रुपये मिळतात. पण ती मिळविणारे थोडे. तिच्यावाचून राहिलेल्यांसाठी असलेली ८,००० रुपयांची वृत्ती केंद्रीय विद्यापीठांपुरतीच मर्यादित आहे. नागपूर विद्यापीठ राज्याचे, म्हणून तेथील संशोधक तिला मुकतो. तीही २०१५ साली बंद होणार होती. दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले म्हणून टिकली. मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती मात्र २०२२ साली बंद करण्यात आली.

उरतात बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्था. महाज्योतीचे मुख्यालय नागपुरातच आहे. या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी २४ डिसेंबर २०२३ रोजी चाळणी परीक्षा झाली. तिची प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेतलीच निघाली. १० जानेवारी २०२४ रोजी फेरपरीक्षा घेतली, तर प्रश्नपत्रिकांचे काही संच सीलबंद नसल्याचा आक्षेप घेऊन नागपुरातील विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. ज्यांनी ग्रंथालयात बसावयाचे, त्यांना परीक्षा केंद्राच्या दारात घोषणा द्याव्या लागल्या.

येथेच तत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. संशोधन हे श्रम आहेत आणि अधिछात्रवृत्ती हे त्या श्रमांचे वेतन आहे. गिरणी कामगाराचा पगार सहा महिने थकला तर त्याला अन्याय म्हणतात. विद्यार्थ्याची वृत्ती थकली तर त्याला कार्यालयीन विलंब म्हणतात. तो विलंब भरून काढते कोण? बापाचे सावकारी कर्ज, आईचे मंगळसूत्र आणि बहुतेकदा बहिणीचे थांबलेले शिक्षण. बँकेचे शैक्षणिक कर्ज हाही यावरचा उपाय नाही. ज्याच्यापाशी तारण नाही आणि पुढे नोकरीची खात्री नाही, त्याला कर्ज घ्या म्हणणे म्हणजे भविष्य गहाण टाका म्हणणे होय.

सातारला कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. त्यामागे श्रमप्रतिष्ठेची दृष्टी होती. सरकारने आपली जबाबदारी झटकण्यासाठी त्याचा आधार घेऊ नये.

कार्यकर्त्यांपुढे दोन कामे आहेत. पहिले म्हणजे प्रत्येक महाविद्यालयात अर्ज भरण्यास मदत करणे आणि थकलेल्या रकमांची तारीखवार नोंद ठेवणे. पुराव्यावाचून लढा उभा राहत नाही. दुसरे, वृत्ती दरमहा ठरल्या तारखेस मिळावी आणि राज्य विद्यापीठांतील प्रत्येक नोंदणीकृत संशोधकास ती लागू व्हावी, ही मागणी लावून धरणे. दीक्षाभूमीच्या शहरातून ही मागणी उठली, तर ती साऱ्या महाराष्ट्राला ऐकावी लागेल.