रात्री साडेअकराची सायकल

बेंगळुरूत राहणाऱ्या माणसासमोर नुसतं 'सिल्क बोर्ड' म्हणा आणि त्याचा चेहरा बघा. केंद्रीय रेशीम मंडळ १९४८च्या कायद्याने स्थापन झालं. त्याच्या मुख्यालयावरून चौकाला नाव मिळालं, पण रेशीम कोणाच्या डोक्यात येत नाही, येते ती वाहनांची कोंडी. या चौकाला लागूनच होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या बेचक्यात एचएसआर लेआउट आहे. सात सेक्टर, आखीव 'मेन' आणि त्यांना छेदणारे 'क्रॉस' रस्ते. संध्याकाळी सातला इथे सायकल काढणं म्हणजे धूर गिळत उभं राहणं. तीच सायकल ऑफिस उशिरा सुटल्यावर, रात्री साडेअकराला काढा.

पहिलं सुख कानाला. हॉर्नखाली दिवसभर दबलेले आवाज वर येतात: चेनची सळसळ, फ्रीव्हीलची टिकटिक, आतल्या क्रॉसवर वॉचमनची शिट्टी. मग हवा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच, त्यामुळे एप्रिलातही रात्र सुसह्य असते. अगारा तळ्याकडे उतरताना तर अंगावर काटा येतो, कारण वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन सखल जागी साचते. पावसाळा सरता सरता बुचाची झाडं फुलतात. लांब देठांची ती पांढरी फुलं रात्री उमलतात, आणि झाड दिसायच्या आधी वास येतो. अर्थात नाकाला निवड करता येत नाही. पुढच्याच वळणावर राजकालुवे, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा नाला, आपली हजेरी लावतो. हे पाणी शेवटी ज्या बेळ्ळंदूर तळ्यात जातं, त्या तळ्याला याआधी फेसही आलाय आणि आगही लागलीय, तेव्हा वासाची तक्रार कुठे करणार!

आता त्रास. रस्ता रिकामा असतो म्हणून सायकलीला मजा येते, पण तो मोटारवाल्यालाही रिकामाच दिसतो. दिवसा दहाच्या वेगाने रांगणारी गाडी रात्री साठने येते. त्यात २७व्या मेनवर हॉटेलांची पार्सलं नेणारी विजेवरची स्कूटर उलट्या बाजूने, आवाज न करता समोर उभी राहते. त्या डिलिव्हरीच्या पोरांवर मी फार चिडू शकत नाही. त्यांच्या मोबाइलवर मिनिटं सरत असतात. चीड येते ती रंग न मारलेल्या गतिरोधकांची, आणि हायबीमची.

हायबीमचं गणित समजून घ्या. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि ती कमाई समोरचा एक झोत क्षणात घालवतो. पुढचे काही सेकंद तुम्ही खड्ड्यावर नुसता विश्वास ठेवून चालता. अशा वेळी समोर बघू नये, रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर धरावी.

ज्येष्ठ श्रोत्यांना पुण्यातले दिवस आठवतील. बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस अडवायचे. टायरला घासणारा डायनॅमो घरघरायचा आणि चढावर वेग उतरला की दिवाही मिणमिणायचा. आता बॅटरीचे दिवे स्वस्त झालेत, पण ते आपल्याला रस्ता दिसावा म्हणून असतात ही समजूत काही गेली नाही. एचएसआरमध्ये रस्त्यावर दिवे आहेत, रस्ता बहुतेक दिसतो. आपण दुसऱ्याला दिसणं जास्त महत्त्वाचं. इथे मागचा लाल रिफ्लेक्टर कामाला येतो. त्यात एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन तीन पृष्ठभागांचे इवलेसे कोपरे असतात. मागून येणारा प्रकाश थोडा तिरका असला तरी तीन ठिकाणी आपटून तो आल्या वाटेने परततो, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या दिशेने. याच तत्त्वाचे परावर्तक १९६९ साली अपोलो ११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवले, आणि २०२३ मध्ये उतरलेल्या आपल्या चांद्रयान-३च्या 'विक्रम'वरही नासाने दिलेला असा परावर्तक आहे. पेडलवरचे रिफ्लेक्टर मात्र काढून टाकू नका. ते वरखाली होतात, आणि ती हालचाल पाहून मागच्याला चटकन उमगतं की पुढे माणूस आहे.

भटक्या कुत्र्यांपुढे रिफ्लेक्टरचा उपयोग नाही. कानाचं टोक कापलेला कुत्रा म्हणजे नसबंदी झालेला, आणि नियमाप्रमाणे त्याला पकडलं होतं तिथेच परत सोडतात. म्हणून त्या त्या क्रॉसची टोळी ठरलेली. ती धावते फिरत्या चाकामागे. जोरात पेडल मारलं की पाठलागाला रंग चढतो. त्यापेक्षा उतरावं, सायकल आपल्या आणि कुत्र्यांच्या मधे धरावी आणि चालावं. बहुतेक वेळा चार पावलांत त्यांचा उत्साह मावळतो. मराठी 'हाड!' इथेही चालतं.

आउटर रिंग रोडवर २०२० साली, कोविडच्या काळात, सायकलींसाठी खुंट रोवून वेगळी पट्टी आखली होती. खुंट मोडले, गाड्या आत शिरल्या, मग मेट्रोचं काम आलं. रात्री तिथून जाताना मी मुख्य रस्ता टाळून आतल्या क्रॉसने जातो. थोडं लांब पडतं, पण वाटेत सायकलवर थर्मास लावून चहा विकणारा असतो. त्याच्या सायकलीला दिवा नाही. सांगून पाहिलं, तर म्हणाला, गिऱ्हाईकं मला आवाजावर ओळखतात.