दोन दारांची गाडी आणि सव्वा महिन्याचं लेकरू
(लातूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेतला आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, गाडीत बाळाची खुर्ची बसवायची, यात तासभर बोलण्यासारखं काय आहे?" मी तीस वर्षं पोरांना मोटारगाडी शिकवली. गाडीतल्या दुसऱ्या कुठल्याही भागापेक्षा ही खुर्ची मला चुकीची बसवलेली जास्त वेळा दिसली आहे. आपल्याकडे तर बहुतेक गाड्यांत ती नसतेच. तेव्हा तास कमी पडेल.

आणि विषयात दोन दारांचीच गाडी का? कारण दोन दारांच्या गाडीला आपल्या भागात पुन्हा चांगले दिवस आलेत. पूर्वी जिप्सी होती, सिएरा होती, पण त्या हौसेच्या. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली आणि एमएच २४, एमएच २६ या पाट्या तिच्यावर सर्रास दिसू लागल्या. २०२३ साली कॉमेट ही तीन मीटरपेक्षा आखूड इलेक्ट्रिक गाडी आली, तिलाही बाजूची दारं दोनच. घेताना मुलगा अविवाहित असतो. पुढं लग्न होतं, लेकरू होतं, गाडी तीच राहते.

आता प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सून नांदेडची, पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिन्यानं जावई थार घेऊन न्यायला येतात. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, राष्ट्रीय महामार्ग ३६१. सोबत आजी. आजींना गुडघेदुखी, पुढची सीट वाकवून मागं चढणं त्यांना होत नाही. म्हणून आजी पुढं, आजींच्या मांडीवर लेकरू. बाळंतीण मागं, तिच्या शेजारी डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा आणि बॅगा. यात कुणाचाही हलगर्जीपणा नाही, सगळं मायेनंच ठरलेलं आहे. पण गाडीतली सगळ्यात वाईट जागा घरातल्या सगळ्यात लहान माणसाला मिळाली, आणि ती मिळाली गाडीला दारं दोन आहेत म्हणून. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: दोन दारांच्या गाडीत कोण कुठं बसणार हे दारापाशी उभं राहून ठरवायचं नसतं. लेकरू घरी यायच्या आधी ते ठरवायचं आणि गाडीत बसवून ठेवायचं.

मांडी वाईट का, ते गणितानं सांगतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. समोर काही आडवं आलं आणि गाडीचं तोंड ६० सेंटीमीटर चेपून ती थांबली, तर थांबायला लागलेला वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. तेवढ्या वेळात गाडीतली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सरासरी सोळापट जोरानं पुढं ओढली जाते. सहा-सात महिन्यांचं सात किलोचं लेकरू धरून ठेवायला एक क्विंटलच्या वर जोर लागेल. लातूरच्या अडतीवर बसलेल्यांना क्विंटल काय ते सांगायला नको. सोयाबीनची दोन भरलेली पोती, तीही न सांगता अंगावर आलेली. ही सरासरी झाली, मधला एखादा क्षण याहून पुष्कळ जास्त असतो. आजींच्या हातांत माया कितीही असो, हे बळ नसतं. पहिलवानाच्याही नसतं. वर आजींनी पट्टा लावला नसेल तर त्यांचं सगळं वजन लेकरावर येतं. दोघांवरून मिळून एकच पट्टा लावणं हे तर त्याहून घातक, कारण पट्टा आणि आजी यांच्या मध्ये लेकरू सापडतं.

मागं बसलेल्याला काही होत नाही, हा समज मराठवाड्यानं तरी सोडून द्यायला हवा होता. ३ जून २०१४ ला दिल्लीत मोटार अपघातात गोपीनाथ मुंडे गेले. ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी पट्ट्याची गोष्ट त्याच वेळी जाहीरपणे बोलून दाखवली. पुढं ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली. पुढचे दोघे वाचले; मिस्त्री धरून मागचे दोघे, ज्यांनी पट्टे लावले नव्हते, ते गेले. आपण हळहळलो आणि दुसऱ्या दिवशी मागं तसेच बसलो.

लहान बाळाची खुर्ची उलटी, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून का बसवतात, हे मला नेहमी विचारलं जातं. "बाळाला दिसायचं काय?" बाळाला काही दिसायची गरज नाही. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढं असतं आणि मान कोवळी. तोंड पुढं असेल तर धडकेत पट्टे खांदे धरतात आणि डोकं पुढं जातं. सगळा ताण मानेवर. तोंड मागं असेल तर डोकं, मान, पाठ सगळ्यांना खुर्चीची पाठ एकदम झेलते. ही युक्ती स्वीडनच्या बर्टिल आल्डमान यांची. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेऊन बसतात, हे पाहून त्यांना ती सुचली आणि १९६४ साली पहिली उलटी खुर्ची व्होल्वो पीव्ही ५४४ या गाडीत तपासली गेली. गंमत अशी की ती गाडी दोन दारांची होती. म्हणजे या खुर्चीचा जन्मच दोन दारांच्या गाडीतला. "आमच्या गाडीत ती बसतच नाही" असं कुणी म्हणालं की मी ही गोष्ट सांगतो.

युरोपचा नवा नियम पंधरा महिन्यांपर्यंत उलटंच बसवा म्हणतो. जमेल तितकं त्यापुढंही न्यावं. जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेला अंदाज असा की बरोबर वापरलेल्या खुर्चीनं तान्ह्या बाळांचे अपघाती मृत्यू सत्तर टक्क्यांच्या आसपास कमी होतात. "बरोबर वापरलेल्या" हे दोन शब्द अधोरेखित करा.

आता बसवण्याकडे येतो.

पुढच्या सीटवर उलटी खुर्ची लावायची नाही. २०२१ पासून नव्या गाड्यांना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. ती सेकंदाच्या तीसेक हजारांशात फुगते आणि उलट्या खुर्चीच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागं, आदळते. १९९० च्या दशकात अमेरिकेत अशी बाळं दगावली, तेव्हा जग शहाणं झालं. एअरबॅग बंद करायचं बटण आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत नसतं. तेव्हा खुर्ची मागंच.

मागं कुठल्या बाजूला? चार दारांच्या गाडीत हा प्रश्न किरकोळ आहे, दोन दारांत हाच मुख्य. थारमध्ये मागं जायला डावी, म्हणजे चालकाशेजारची सीट वाकते आणि पुढं सरकते. माझं मत असं की खुर्ची आधी चालकाच्या मागं लावून पाहावी. मग डावी बाजू आईला मोकळी राहते, तिला रस्त्याच्या कडेनं चढता-उतरता येतं आणि ती बाळाच्या शेजारीच बसते. अडचण एकच: जावई उंच असतील तर त्यांची सीट मागं सरकलेली असते आणि उलटी खुर्ची तिला टेकते. हलकं टेकणं काही उत्पादक चालवून घेतात, पण रेटा बसता कामा नये. रेटा बसत असेल तर खुर्ची डाव्या बाजूला न्या, पुढची डावी सीट पुढं घ्या आणि शक्यतो रिकामी ठेवा, कारण तिथं बसणारा एअरबॅगच्या फार जवळ जातो. अशा वेळी क्रम बदलतो: आधी आई मागं उजवीकडं जाऊन बसेल, मग खुर्ची आत जाईल, मग पुढची सीट परत येईल. ती सीट परत आल्यावर खटका लागला का, हे हातानं हलवून पाहा. अर्धवट लागलेली सीट धडकेत मोकळी सुटते.

आणि आजी? खुर्ची चालकाच्या मागं बसली तर त्या पुढं बसतील; ती डावीकडं न्यावी लागली तर त्यांच्यासाठी त्या दिवशी दुसरी गाडी करा. हे ऐकून काही चेहरे पडलेले मला इथून दिसताहेत, पण पुढची जागा रिकामी ठेवली की चार जागांच्या गाडीत चौथं माणूस बसत नाही.

खुर्ची दोन प्रकारांनी अडकते. एक आयसोफिक्स: मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्यात खुर्चीचे खटके बसतात आणि खूण हिरवी होते. तिसरा आधारही लागतो, जमिनीवर टेकणारा पाय किंवा सीटमागं बांधायचा वरचा पट्टा. दोन दारांच्या गाडीसाठी मी तळ वेगळा असलेली खुर्ची सुचवतो. तळ गाडीतच बसवलेला राहतो. बाळाला घरात, पंख्याखाली, नीट बांधायचं आणि पाळण्यासारखी खुर्ची आणून तळावर बसवायची. नाहीतर वाकवलेल्या सीटवरून आत वाकून, घामाघूम होत, रडणाऱ्या लेकराचे पट्टे लावावे लागतात आणि ते ढिले राहतात. फक्त लक्षात घ्या, चार किलोचं बाळ आणि तेवढीच खुर्ची हात लांब करून आत ठेवायची असते. सिझेरियनचे टाके असलेल्या बाईनं हे करायचं नाही. बापानं करायचं.

दुसरा प्रकार गाडीच्याच पट्ट्याचा. कमरेचा भाग खुर्चीच्या दोन्ही कडांच्या खाचांतून, खांद्याचा भाग खुर्चीच्या पाठीमागून. उलट्या खुर्चीवर पट्ट्याची वाट निळ्या खुणांनी दाखवलेली असते, पुढं तोंड असलेल्या खुर्चीवर लाल. छोट्या गाडीत कधी कधी पट्टा पुरतच नाही. मग ओढून-ताणून, अर्ध्याच खाचांतून नेऊन भागवू नका. त्या गाडीला ती खुर्ची लागू नाही, दुसरी पाहा. म्हणून दुकानात गाडी घेऊन जा, खुर्ची लावून पाहा, मग पैसे द्या. नुसतं मोबाइलवर चित्र पाहून मागवलेली खुर्ची माळ्यावर गेलेली मी पाहिली आहे.

पट्टा लावल्यावर खुर्चीवर गुडघ्याचा भार द्या आणि पट्टा खेचा. मग पट्टा जातो त्या ठिकाणी खुर्ची धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा. आपल्या गाड्यांचा पट्टा झटका बसला तरच अडकतो, हळू ओढला तर सैल येतो; म्हणून खुर्चीला पट्टा दाबून धरणारी क्लिप असेल तर ती लावायला विसरू नका. आणि तान्ह्याची खुर्ची फार उभी नको. मान पुढं पडून हनुवटी छातीला टेकली की श्वास अडतो. साधारण ४५ अंशांचा कल ठेवा. याच कारणानं नांदेड ते लातूर एका दमात आणायचं नाही. तान्हं बाळ अर्ध्या तासापलीकडं सलग खुर्चीत नको, म्हणून लोह्याला थांबा, अहमदपूरला थांबा, चाकूरला थांबा, बाहेर घ्या, पाजा. चालत्या गाडीत बाळ पाजायला काढायचं नाही. तेवढ्यात काय होणार, असं वाटतं, पण धडक वेळ विचारून येत नाही.

आता आपला खास मुद्दा, दुपटं. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ खुर्चीत बांधता येत नाही, कारण एक पट्टा दोन पायांच्या मधून यावा लागतो. बाळाला साधं झबलं घाला, पट्टे अंगाशी लावा, आणि दुपटं पट्ट्यांच्या वरून पांघरा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. उलट्या खुर्चीत खांद्याचे पट्टे खांद्याच्या बरोबरीनं किंवा किंचित खालून यावेत.

मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतलं बकल तापून बाळाच्या मांडीला चटका देतं. त्यावर पांढरं सुती फडकं टाकून ठेवा, बाळाला बसवण्यापूर्वी हात लावून पाहा. बंद गाडीत बाळाला दोन मिनिटांसाठीही सोडू नका. दोन दारांच्या गाडीत मागच्या काचा बहुधा उघडत नाहीत, हे मोह आवरायला पुरेसं कारण आहे. आणि मागं मोकळं काही नको. तुळजापूरहून येताना मागच्या फळीवर नारळ ठेवायची आपली सवय; धडकेत तो नारळ पुढं कुणाच्या डोक्याकडं जाईल, ते मघाच्या गणितानं तुम्हीच काढा.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९४-ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा चाइल्ड सीटनं बांधलेलं नसेल तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. तो भरलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही, त्यामुळं कायद्याच्या भरवशावर बसू नका. जुनी खुर्ची नातेवाइकांकडून घेणार असाल तर ती अपघातात सापडलेली नाही आणि तिच्यावरची मुदत संपलेली नाही, एवढं पाहा. आपल्या उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं. वर्तुळातल्या ई अक्षराचं लेबल आहे का, तेही पाहा.

२०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेनं थार ताशी ६४ किलोमीटरनं धडकवली. मुलांच्या सुरक्षेला पाचपैकी चार तारे मिळाले. विक्रेते ते अभिमानानं सांगतात आणि ते खरं आहे. पण त्या चाचणीतले मुलांचे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बांधलेले होते. मांडीवरच्या लेकराला ते तारे मिळालेले नाहीत.

उद्या सकाळी ऊन चढायच्या आत, सात वाजता, याच मैदानावर मी आणि माझे दोन जुने विद्यार्थी थांबणार आहोत. ज्यांना खुर्ची बसवून पाहायची आहे त्यांनी गाडी, खुर्ची आणि दोन्हींची पुस्तकं घेऊन यावं. लेकराला आणू नका. आजींना मात्र आणा, कारण गाडीत कोण कुठं बसणार हे शेवटी त्याच ठरवतात.