पहिला तंबोरा



वसंतातल्या व्याख्यानांत राजकारण, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. आम्ही आज घेतलेला विषय त्या मानाने बाजारहाटाचा आहे. घरातले मूल गाणे शिकू लागते, वर्ष-दीड वर्ष जाते, आणि एके दिवशी गुरुजी सांगतात, "आता घरी तंबोरा हवा." तो बेताच्या पैशांत कसा पारखून घ्यावा, एवढेच आम्हांला सांगायचे आहे. विषय लहान दिसला तरी त्यात हौसेपेक्षा अधिक काही गुंतलेले आहे. शिकणाऱ्याचा कान ज्या स्वरावर रोज तास-दोन तास पोसला जातो, तो स्वर तंबोऱ्याचा असतो. पाटी तिरकी असली तर अक्षर वळणदार कसे व्हावे?

पहिला प्रश्न साहजिकच असा की, आता तंबोरा हवाच कशाला? विजेवर चालणारा तंबोरा बंगलोरच्या जी. राज नारायण यांनी 1979 च्या सुमारास आणला, आणि आज तर तो हातातल्या फोनमध्येही सापडतो. ही सोय आम्ही वाईट म्हणत नाही. प्रवासात, भाड्याच्या दोन खोल्यांत, पहाटे घाईच्या वेळी तिचा उपयोग फार आहे. परंतु त्या पेटीत स्वर आयता लावलेला असतो. तंबोरा लावताना मुलाला खुंटी पिळावी लागते, मणी सरकवावा लागतो, आणि 'जुळला की नाही' याचा निवाडा आपल्याच कानाने करावा लागतो. हा निवाडा रोज केल्याने कान तयार होतो. म्हणून पेटी असो वा नसो, ज्याला गाणे मनापासून शिकायचे आहे त्याला तंबोरा लागतोच, असे आमचे मत आहे.

आता निवड. येथे सर्वांत आधी विचारायचे ते पैशाचे नव्हे, आवाजाचे. मूल कोणत्या पट्टीत गाते? पुरुष बहुधा काळी एक, काळी दोनच्या आसपास गातात; स्त्रिया काळी चार, काळी पाचच्या आसपास. त्या हिशेबाने तंबोऱ्याची लांबी ठरते. पुरुषी तंबोरा सुमारे पाच फुटांचा असतो, जनानी चार-साडेचार फुटांचा आणि त्याचा भोपळाही लहान असतो. लांब तंबोऱ्याच्या तारा ओढून वरच्या पट्टीत चढवल्या तर त्या तुटतात व तबलीवर ताण येतो. आखूड तंबोरा खाली उतरवला तर तारा ढिल्या पडून नुसत्या फडफडतात. स्वस्त मिळाला म्हणून भलत्या लांबीचा तंबोरा घेणे म्हणजे स्वस्त मिळाल्या म्हणून भलत्या मापाच्या वहाणा घेणेच होय.

मुलाच्या बाबतीत एक पेच येतो. अकरा-बारा वर्षांचा मुलगा आज काळी चारमध्ये गात असेल. दोन-तीन वर्षांत त्याचा आवाज फुटेल आणि तो कोठल्या कोठे उतरेल. अशा वेळी 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून आजच पुरुषी तंबोरा आणू नये. जनानी तंबोरा जुना मिळाला तर तो घ्यावा, ओळखीत कोणाचा पडून असेल तर मागून आणावा, आणि आवाज स्थिरावल्यावर कायमचा तंबोरा घ्यावा. मुलीच्या बाबतीत हा फरक बराच कमी असतो. तिचा पहिला तंबोरा तिला जन्मभर पुरू शकतो.

दुसरी गोष्ट जवारीची. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित बाकदार घासलेला असतो. तार कंप पावताना त्या बाकाला हलके हलके स्पर्श करते, आणि तिच्याखाली सुताचा दोरा योग्य जागी सरकवला की स्वर एकदम उमलतो. हीच जवारी. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्रातला नियम आहे. तंबोरा व वीणा यांत तेही उमटतात, आणि याचे कारण घोडीच्या घडणीत आहे, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली एका निबंधात दाखवले. आपल्याकडच्या अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या कारागिराच्या हाताला ही गोष्ट त्यापूर्वी कितीतरी आधी ठाऊक होती.

ग्राहकाने या शास्त्राचा उपयोग असा करावा. तंबोरा दुकानदाराच्या पट्टीत न ऐकता मुलाच्या पट्टीत लावून घ्यावा. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, आणि चौथी पितळी खर्जाची. मधल्या बोटाने पंचम व तर्जनीने उरलेल्या तारा सावकाश छेडाव्यात, आणि खर्जाची तार विरत असताना कान द्यावा. तंबोरा चांगला असेल आणि नीट लागला असेल, तर कोणीही न छेडलेला गंधार त्यातून आपोआप ऐकू येतो. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो उपस्वर आहे. तो स्पष्ट निघाला तर निम्मी परीक्षा झाली. मग चारही तारांची आस सारखी आहे का ते पाहावे. एक तार बोलकी आणि दुसरी मुकी असेल तर जवारी पुन्हा काढावी लागेल असे समजावे. ते काम होण्याजोगे आहे, तेवढ्यासाठी तंबोरा टाकून देऊ नये. मात्र तो खर्च किमतीत धरावा.

तिसरी गोष्ट अंगकाठीची. दांडी डोळ्यांसमोर आडवी धरून तिच्या कडेवरून नजर टाकावी. वाक किंवा पीळ दिसला तर तंबोरा खाली ठेवावा, कारण हा दोष सहसा दुरुस्त होत नाही. घोडीखाली तबली खचलेली नाही ना, हे पाहावे. भोपळा उजेडात फिरवून केसासारखी भेग कोठे लपवली आहे का, कीड लागल्याची बारीक छिद्रे आहेत का, दांडी जोडली आहे त्या गळ्याशी सांधा उकलला आहे का, हे बोटाने चाचपावे. रोगण अगदी ताजे असेल तर ते कशासाठी लावले, हे विचारण्यास भिडू नये. मग तंबोरा लावून पाव तास तसाच ठेवावा. खुंट्या तेवढ्यात उतरल्या तर त्या घरीही उतरतील, आणि मुलाचा निम्मा रियाज खुंट्या पिळण्यात जाईल.

आता पैशाचे बोलू. तंबोऱ्याची किंमत बरीचशी कोठे जाते? भोपळ्यावरच्या पानांच्या कोरीव कामात, दांडीच्या पांढऱ्या पट्ट्यांत, वेलबुट्टीत. हे काम देखणे असते, त्यामागे कारागिराचे कसब असते, ज्याला परवडेल त्याने ते जरूर घ्यावे. पण त्याने गंधार काही जास्त निघत नाही. पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंग यांचा तोरा असे. 1972 चा वन्यजीवसंरक्षणाचा कायदा व त्यातील पुढच्या दुरुस्त्या यांनी तो मार्ग बंद केला, आणि शिसवी लाकडाच्या वा हाडाच्या घोडीवर तंबोरे पूर्वीइतकेच गोड बोलतात. बेताच्या पैशांत साधा, निर्भेळ, नीट जवारीचा तंबोरा घ्यावा. उरलेले पैसे गवसणी, तारांचा जास्तीचा संच आणि पुढच्या जवारीसाठी ठेवावेत. जुना तंबोरा मिळाला तर कमीपणा मानू नये. मुरलेले लाकूड व वाळलेला भोपळा हे त्याचे भांडवलच असते. फक्त भेग आणि वाक यांबाबत डोळस राहावे. जागाच नसेल तर भोपळ्याऐवजी सपाट पेटीचा छोटा तंबोराही मिळतो. त्याचा नाद तितका भरदार नसतो, परंतु जवारी खरी असते, आणि लावण्याचा अभ्यास त्यावरही होतो.

हे सर्व जेथून येते त्या मिरजेचे नाव घेतल्याशिवाय आम्हांला पुढे जाता येत नाही. हत्यारे घासण्याचा धंदा करणारी शिकलगार मंडळी, संस्थानी काळात तलवारींचे दिवस सरल्यावर, फरीदसाहेबांपासून तंतुवाद्यांकडे वळली, आणि गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तेथे ही कला रुजली. पंढरपूर-मंगळवेढे भागात पिकणारा कडू भोपळा, तुणीचे लाकूड आणि मिरजेचे हात, असा हा संगम आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते, आणि वाद्याच्या दुरुस्तीत व जवारीत त्यांचा स्वतःचा हातही जाणता होता. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव सुरक्षित होते. हात मात्र काम मिळाले तरच सुरक्षित राहतो. जवारी काढणारा माणूस पुस्तकातून तयार होत नाही, तो कारखान्यात वर्षानुवर्षे कानस चालवून तयार होतो. आपण सर्वांनी पेटीवरच भागवले, तर उद्या ज्याला खरा तंबोरा हवा असेल त्याला जवारी काढून देणारा भेटणार नाही. तेव्हा एका घरातला साधा तंबोरा ही त्या घरापुरतीच बाब राहत नाही.

शेवटी दोन व्यवहाराच्या सूचना. खरेदीला जाताना मुलाच्या गुरुजींना किंवा जाणत्या गवयाला बरोबर न्यावे, आणि मुलालाही न्यावे. कारण गायचे त्याला आहे. घरी आणल्यावर तंबोरा उन्हात, चुलीजवळ किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पावसाळ्यात तो गवसणीत, कोरड्या कोपऱ्यात ठेवावा, प्रवासात तारा थोड्या उतरवाव्यात, आणि रोज एकदा तरी तो लावावा. मुलाला पहिले काही महिने तंबोरा लावता येणार नाही, घरच्यांना ती ओढाताण ऐकावी लागेल. ती निमूटपणे ऐकावी. एक दिवस त्या खटपटीतूनच चारही तारा एक होतील, मूल गायचे थांबून ऐकू लागेल, आणि आपण खर्चलेले पैसे कोठे गेले हे आपल्याला निराळे विचारावे लागणार नाही.