टाकीत टिकणारे यीस्ट



साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी पाण्याने पातळ करून यीस्टच्या हवाली करतात. कागदावरचा हिशेब सरळ आहे: १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल, बाकीचे ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाणार. प्रत्यक्षात ९२ कधीच हाती लागत नाहीत. यीस्टला स्वतःची वाढ करायची असते, खारट आणि दाट मळीत तग धरण्यासाठी ग्लिसरॉल बनवायचे असते, शिवाय त्याच साखरेवर जिवाणूंचाही डोळा असतो. ही गळती कमी करणारे वाण घडवायचे कसे, हा आजचा विषय.

सुरुवात कोपनहेगनपासून करू. कार्ल्सबर्ग कारखान्याची बिअर बिघडू लागली, तेव्हा तिथल्याच प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिस्तियन हान्सेन याने दाखवले की चांगल्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळले आहे. १८८३मध्ये त्याने एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध वाण कारखान्याला दिले. पण ही झाली निवड. होते त्यातले चांगले वेचणे. दोन वाणांचे गुण एकत्र आणायचे तर संकर हवा, आणि यीस्ट तर अंगाला कोंब फुटून वाढताना दिसते. त्याचा संकर करायचा कसा?

उत्तर त्याच प्रयोगशाळेत ओयविंद विंगे याने शोधले. १९३५मध्ये त्याने दाखवले की यीस्टच्या आयुष्यातही गुणसूत्रांचा पूर्ण संच आणि अर्धा संच अशा दोन अवस्था आळीपाळीने येतात. नायट्रोजन तोडून यीस्टची उपासमार केली, की पेशीत सहसा चार बीजाणू तयार होतात, प्रत्येकात अर्धा संच. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने ते सुटे करायचे आणि दुसऱ्या वाणाच्या बीजाणूशेजारी ठेवायचे. पुढे अमेरिकेत कार्ल लिंडेग्रेन यांनी अर्ध्या संचाच्या पेशींचे ‘ए’ आणि ‘अल्फा’ असे दोन प्रकार ओळखले. विरुद्ध प्रकार भेटले की पेशी एकजीव होतात आणि संकरित वाण जन्माला येते.

कारखान्यातली यीस्ट मात्र इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत. अनेकांत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन-चार संच असतात. बीजाणू नीट धरत नाहीत, धरले तरी रुजत नाहीत. मग पेशीभित्ती विकरांनी विरघळवून पेशी एकमेकींत मिसळवाव्या लागतात. त्यात हव्या गुणांबरोबर नको ते गुणही येतात. म्हणून संकरापेक्षा मोठे काम त्यानंतरचे: हजारो संततींतून नेमकी हवी ती ओळखणे.

ही ओळख किती युक्तीने करता येते ते जपानकडून शिकावे. साके बनवताना इतका फेस येई की टाकीचा मोठा भाग रिकामा ठेवावा लागे. तिथल्या संशोधकांनी द्रवातून हवा सोडून फेस वर काढला. फेसाला चिकटणाऱ्या पेशी त्याबरोबर गेल्या, न चिकटणाऱ्या खाली राहिल्या. असे पुन्हा पुन्हा केल्यावर बिनफेसाचे वाण मिळाले, आणि त्याच टाकीत जास्त माल मावू लागला.

या विद्येचा खरा कस लागला ब्राझीलमध्ये. तिथे उसापासून इथेनॉल करताना ९० टक्क्यांहून अधिक यीस्ट सेंट्रिफ्यूजने वेगळे काढून पुन्हा वापरतात, आणि दर फेरीला जिवाणू मारण्यासाठी गंधकाम्लात धुतात. हे हंगामभर चालते. सुरुवातीला घातलेले बेकरीचे यीस्ट काही आठवड्यांत नाहीसे होई आणि त्याची जागा उसाबरोबर आलेली रानटी यीस्ट घेत. गुणसूत्रांच्या ठशांवरून हे उघड झाल्यावर संशोधकांनी टाकीत हंगामभर टिकलेली वाणेच वेचली. पीई-२ आणि कॅट-१ ही त्यातली नावाजलेली. मात्र टिकणे म्हणजे उपयोगी पडणे नव्हे. टिकणाऱ्यांतली बरीच यीस्ट फार फेस काढत, गुठळ्या धरत, साखर अर्धवट सोडत. ती सारी बाद झाली. पीई-२ची आणखी एक जमेची बाजू म्हणजे त्यात दोनच संच आहेत आणि ते रुजणारे बीजाणू देते. म्हणजे ते संकरासाठी पालक म्हणूनही चालते.

मला सांगायचे ते एवढेच. चिवटपणा टाकी देते, कामाची पारख आपण करायची, आणि दोन्ही एका पेशीत आणणे हे संकराचे काम. पीई-२सारखे दोन्ही आयते मिळाले तर ठीक; एरवी यांतले एक जरी वगळले तरी वाण फसते.

आपल्याकडची मळी ब्राझीलच्या ताज्या रसापेक्षा खारट. किण्वनात उष्णता निर्माण होते, आणि एप्रिल-मे महिन्यांत थंड करायचे पाणीच कोमट असते. बाहेरून आणलेले वाण या परीक्षेत उतरेलच असे नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, जवळच मांजरी येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. जिथे यीस्ट पुन्हा वापरले जाते, तिथल्या कारखान्यांनी हंगाम संपताना टाक्या धुण्याआधी नमुने काढावेत, तापमान आणि उताऱ्याच्या नोंदींसह अशा संस्थांकडे द्यावेत. उन्हाळ्यात तगलेले पालक हाती असतील, तरच संकर करणाऱ्याला कामाला लागता येईल.